उजवा कौल

माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द अकरा मिनिटांची आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण रत्नागिरीत कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात मला स्टेजवर बसवलं की सूत्रसंचालन करणाऱ्या बाई 'भारताचं प्रतिनिधित्व केलेल्या' असं म्हणताना आवाज असा काही चढवतात, की समोरच्या पोरांना वाटावं मी तिकडे वर्षानुवर्षं गोल करत होते. मग शाल आणि नारळ. आमच्या परसात नारळाची चार झाडं आहेत. प्रत्येक सत्कारानंतर आई म्हणते, "आणलास आणखी एक? ठेव तिकडे ढिगात." स्टेजच्या पायऱ्या उतरताना मी कठडा धरते. का धरते, ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी खरं सांगितलं नसतं. खोटं बोलण्यात माझा हात चांगला बसलेला आहे.

आमचं घर मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. बाबा तिथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आलेला माल मोजून घ्यायचा आणि चलनावर सही करायची, हे त्यांचं काम. खोका न फोडता सही करायची नाही, हा त्यांचा नियम. ट्रकवाले वैतागायचे, साहेब लोक हसायचे, पण बाबा खिशातली छोटी सुरी काढून सुतळी कापल्याशिवाय पेनाला हात लावत नसत. घरीसुद्धा तेच. लग्नाची पत्रिका आली तरी आधी पाकीट उलटं करून झटकायचे. आई म्हणायची, "उद्या देवानं प्रसाद दिला तरी तो फोडून बघाल." बाबा म्हणायचे, "बघेन. बघायला काय जातंय?"

फुटबॉल मला कुणी शिकवला नाही. घरामागे सडा होता, लाल जांभ्याचा, सपाट आणि टणक, पडलं की ढोपराची साल निघणारा. तिथे पोरं खेळायची, मी त्यांच्यात घुसले आणि पुढे त्यांच्यापेक्षा बरी खेळायला लागले. कॉलेजला गेले तेव्हा मुलींची टीमच नव्हती. जिमखान्याच्या सरांनी कबड्डीतल्या सहा, खोखोतल्या तीन आणि एक लांब उडीवाली अशा मुली गोळा केल्या, मला मध्ये उभं केलं आणि म्हणाले, "झाली टीम." मैदान अर्धं आमचं, अर्धं क्रिकेटवाल्यांचं. दम वाढवायला आम्ही ओहोटीच्या वेळी भाट्याच्या ओल्या वाळूत पळायचो. दोन वर्षांत आम्ही विद्यापीठ गाजवलं असं म्हणणार नाही, पण इतर कॉलेजं आम्हाला बघून हसायची बंद झाली. मग मी विद्यापीठाच्या संघात गेले, तिथून राज्याच्या, आणि एकदा धाकट्या गटाच्या राष्ट्रीय शिबिरालाही जाऊन आले.

बाबा कारखान्यातून सुटले की मैदानाच्या कुंपणापाशी डब्याची पिशवी घेऊन उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, टाळ्या वाजवायचे नाहीत. पण माझे बूट त्यांच्या ताब्यात असायचे. जांभ्यावर खेळून बुटांचे तळ महिन्या-दोन महिन्यांत सुटायचे. बाबा ते कारखान्यातून आणलेल्या सोल्युशननं चिकटवायचे, वर वजन ठेवायचे आणि सकाळी बोटानं दाबून बघायचे. नवे बूट मागितले की म्हणायचे, "हे फाटले नायत अजून, सुटलेत फक्त. फरक असतो."

गुडघा गेला तो कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, सरावात. कुणी धक्का मारला नाही, कुणी आडवं आलं नाही. मी उजवा पाय टेकवला आणि डावीकडे वळले. अंग वळलं, पाय तिथेच राहिला. आतून आवाज आला, शेवग्याची शेंग मोडल्यासारखा. माझ्या बाजूला खेळणाऱ्या मुलीनंही तो ऐकला, कारण तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही गं, मुरगळला." संध्याकाळपर्यंत गुडघा फणसाएवढा झाला. आईनं मासे ठेवायच्या पिशवीत बर्फ घालून बांधला आणि दहा दिवसांत सूज उतरली. मी चालायला लागले, मग हळूहळू पळायला. घरात सगळ्यांना वाटलं, बरा झाला.

मला तसं वाटत नव्हतं. एकदा मागच्या दारी हंडा घेऊन पायरी उतरताना गुडघा आतल्या आत निसटला, दाराची कडी सरकते तसा. मी चौकट धरली, हंडा पडला. आई धावत आली. मी म्हटलं, "पाय घसरला." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पायरीकडे पाहिलं. पायरी हंड्यातल्या पाण्यानं आत्ता कुठे भिजत होती. मग हंडा उचलून ती पुन्हा भरायला गेली.

दोन दिवसांनी, प्रोजेक्टचं काम आहे असं सांगून, मी एकटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मला काय ते कळलं. पण ते समजावून सांगणारे होते. म्हणाले, गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलंय, जवळजवळ पूर्ण. ऑपरेशन करावं लागेल आणि मग नऊ महिने, कदाचित वर्ष.

मी विचारलं, "चालता येईल ना?"

"येतंयच की तुला."

"पळता?"

"सरळ रेषेत पळशील. वळता येणार नाही. वळायला गेलीस आणि पुन्हा निसटला, तर आतली गादीही फाटेल. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. आत्ता ऑपरेशन केलंस तर खेळ वाचेल. हे वर्ष सोड."

मी होय म्हटलं, रिपोर्ट घेतला आणि घरी आले. जुने, बाजूला टाकलेले बूट एका खोक्यात कपाटावर असायचे. त्या खोक्यात, बुटांच्या खालच्या कागदाखाली, मी रिपोर्ट सारला. वर्ष सोडायचं होतंच. फक्त घरी कसं सांगावं, याचा चार दिवस विचार करू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. मोठ्या गटाच्या राष्ट्रीय शिबिराला माझी निवड झाली होती, आणि शिबिरानंतर संघ परदेशी जाणार होता.

त्या दिवशी बाबा जेवढे बोलले तेवढे त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पत्र त्यांनी अर्थातच पाकीट झटकून वाचलं, मग मला वाचायला लावलं, मग शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. कॉलेजात सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"गुडघा?"

"ठीक आहे सर."

सर खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले. त्यांनी मला लंगडताना पाहिलं होतं, एकदा नव्हे, चारदा. ते म्हणाले, "एकदा निळा शर्ट अंगावर येऊ दे. पुढचं पुढे." दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. दिला तर मला आधी स्वतःला द्यावा लागेल, आणि ती रांग लांब आहे.

पोरीला एवढ्या लांब पाठवायची तर गावच्या देवीला विचारायला हवं, असं आई म्हणाली. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, आतल्या बाजूला. तिथे देवीला विचारल्याशिवाय कुणी विहीर खणत नाही, सोयरीक जुळवत नाही, मुंबईला खोलीसुद्धा घेत नाही. गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या खांद्यावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळी हकीकत तिच्या कानावर घालून प्रश्न विचारतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. यालाच कौल लावणं म्हणतात. मी कॉलेजात शिकलेली, पाणी वाळलं की पाकळी पडते हे मलाही ठाऊक होतं. पण आईनं कौलाचं नाव काढलं तेव्हा मला ते पाणी-बिणी काही आठवलं नाही. माणसांना मी फसवत होतेच. आता देवीलाही फसवायला जायचं होतं.

रविवारी जायचं ठरलं. शनिवारी मी बाहेरून आले तर पडवीत बाबा पाट टाकून बसलेले, समोर कपाटावरचा खोका आणि हातात माझे जुने बूट.

"हे कशाला काढलेत?"

"दोन जोड असलेले बरे. तिकडं कोण चिकटवून देणार हाय तुला?" त्यांनी मान वर केली नाही. तळाला सोल्युशन लावत राहिले, एकसारखं, कडेपर्यंत.

ते हात धुवायला उठले तशी मी खोक्यात हात घातला. कागद होता तसाच होता, आणि त्याखाली रिपोर्टही. बाबांचं इंग्रजी चलनावरच्या मालाच्या नावांपलीकडे जात नव्हतं, आणि त्यांनी नुसते वरचे बूट काढले असणार, अशी मी माझी समजूत घातली. रात्री जेवताना ते बोलले नाहीत. आई म्हणाली, "पेढे वाटत फिरलात, दृष्ट लागली." तिनं मीठ-मोहरी आणून आमच्या दोघांवरून ओवाळून टाकली.

देवळाच्या पायऱ्या अठ्ठावीस आहेत. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदा मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला गुडघ्यात बारीक कटकट वाजत होती आणि बाबा माझ्या मागून चढत होते. सकाळची वेळ होती, पण गाभाऱ्यात काळोख होता आणि समईच्या उजेडात मूर्तीचा फक्त खांदा दिसत होता. गावातली चार-पाच माणसं जमली होती. गुरवकाका आंघोळ करून ओलेत्यानं आले. त्यांनी पाकळ्या चिकटवल्या आणि बाबांकडे वळले.

"इचारायचं काय, ता नीट सांग. देवीला अर्धंमुर्धं सांगायचं नाय."

बाबा म्हणाले, "पोरीला परदेशात खेळायला पाठवू काय, एवढंच."

गुरवकाकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस, पण नजर घारीची. "पोरीला काय तरास-बिरास? दुखणं-खुपणं? असला तर आधीच सांगा."

मी तोंड उघडलं. मी काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही. खरं सांगणार होते असं म्हणायला मला आवडेल. पण माझ्याआधी बाबा बोलले. "नाय. काय नाय."

मग गाऱ्हाणं सुरू झालं. "आई, गावाच्या मालकिणी, तुज्या लेकराचं लेकरू आज तुज्या पायाशी उभं हाय..." आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांचा हुंकार, "होय म्हाराजा!" लेकरू खेळायला जातंय, होय म्हाराजा. त्याच्या वाटेत कायबी अडसर असंल तर तो दूर कर, होय म्हाराजा. मी 'होय म्हाराजा' म्हणत नव्हते, नुसते ओठ हलवत होते. बाबांकडे पाहिलं, तर त्यांचे ओठही नुसतेच हलत होते.

पाकळ्या पडेनात. अर्धा तास गेला असेल. कुणी खोकलं की सगळे तिकडे बघायचे. गुडघा आखडत चालला होता आणि मी वजन हळूहळू डाव्या पायावर घेत होते. मग उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि मूर्तीच्या पायाशी पडली. "उजवा! उजवा कौल!" सगळे एकदम बोलले, आईनं हात जोडले. तेवढ्यात, श्वास घ्यायला लागतो तेवढ्याच अवधीत, डावीही पडली. ती मी पाहिली आणि गुरवकाकांनी पाहिली. ते क्षणभर तसेच थांबले. मग म्हणाले, "पैला उजवा. उजवा तो उजवाच," आणि घाईघाईनं प्रसाद आमच्या हातावर ठेवला.

परतताना संगमेश्वरला पुलाजवळ बाबांनी रिक्षा थांबवायला सांगितली. ते नदीकाठी उतरले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. आई म्हणाली, "लेक लांब जाणार म्हणून जीव हललाय त्यांचा." मलाही तसंच वाटलं, आणि मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त मला बरं वाटत होतं, की सुटले, आता देवीनंच हो म्हटलंय.

शिबिरात डॉक्टर गुडघा ओढून बघतात. मी मांडी दगडासारखी घट्ट धरली, त्यामुळे गुडघा हलला नाही आणि डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. मागे अजून वीसेक मुली उभ्या होत्या. सरळ पळण्याच्या चाचणीत मी पहिल्या पाचात आले. वाकडंतिकडं पळायच्या चाचणीत प्रत्येक वळण डाव्या पायावर घेतलं. प्रशिक्षक म्हणाल्या, "तुझं वळण जरा विचित्र आहे." मी म्हटलं, "कोकणातलं आहे मॅडम, आमच्याकडे घाटच घाट." त्या हसल्या, संपलं. रोज संध्याकाळी बूट काढताना मी गुडघ्याला हात लावून म्हणायचे, आजचा दिवस काढलास, उद्याचा काढ. घरी फोन केला की आई जेवणाचं विचारायची. बाबा फोनवर येऊन एवढंच म्हणायचे, "जपून खेळ." आधी ते कधीच तसं म्हणत नसत.

त्या देशाचं नाव सांगत नाही, आमच्या आईला ते अजून नीट म्हणता येत नाही. मैदानावरचं गवत इतकं मऊ होतं की मला चालताना अवघडल्यासारखं झालं. दुसरा अर्धा बराचसा उलटल्यावर मला आत पाठवलं. निळा शर्ट अंगावर होता. खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला गुडघा आठवलाच नाही. मी तीन पास दिले, तिन्ही बरोबर गेले. एक थ्रो-इन घेतली. एकदा त्यांच्या उंच मुलीच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या बचावातून एक चेंडू माझ्या मागे, उजव्या हाताला आला. तिकडे जायला मला वळायला हवं होतं.

मी वळले. तोच आवाज आला, पण या वेळी मला तो हाडांतून ऐकू आला. स्ट्रेचरवर मी रडत नव्हते असं मला वाटत होतं, नंतर व्हिडिओत पाहिलं तर ओरडत होते.

आईनं मला पुढे सांगितलं, की आमच्या घरी मोबाइल पाटावर उभा करून सगळी आळी सामना बघत होती. "तू पडायच्या आधीच हे उभे राहिले," आई म्हणाली. "तू नुसती वळलीस, तर हे ताडकन उठले. बापाचं काळीज गो, त्याला आधी कळतं." तिनं हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं.

दोन ऑपरेशनं झाली. गादी फाटली होती, ती काढावी लागली. रत्नागिरीतल्या त्या डॉक्टरांकडे मी टाके काढायला गेले, तेव्हा ते काहीही बोलले नाहीत आणि त्याचंच मला जास्त लागलं. पुढे कॉलेजनं मला मुलींच्या टीमला शिकवायला ठेवून घेतलं. मी शिट्टी वाजवते, ओरडते, शिव्या देते म्हणून माझी तक्रारही झालेली आहे.

बाबा मात्र सामन्याच्या त्या दिवसापासून देवळात गेले नाहीत. गावी शिमगा असो, देवीची पालखी अंगणात येवो, बाबा परसात काहीतरी शोधत राहायचे. आई रडायची, म्हणायची, "देवीवर एवढा राग बरा नाही. तिनं का मुद्दाम केलं?" आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. देवीनं काही केलं नव्हतं. तिच्यापुढे खोटी केस मांडली गेली होती. माझ्या एका कागदापायी माझ्या बापाचा देव गेला, हे मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायचं. पण सांगायचं धाडस होत नव्हतं. ते निवृत्त झाले तरी झालं नाही.

ते झालं यंदा. माझ्या टीममधली सगळ्यात चांगली मुलगी सरावात वळताना पडली. राज्याची निवड महिन्यावर आलेली. "काय नाय झालं मॅडम, मुरगळला," ती म्हणाली. मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांकडे नेलं आणि रिपोर्ट हातात घेऊन थेट तिच्या घरी गेले. तिच्या आईवडलांसमोर तो मराठीत वाचून दाखवला, एकेक शब्द. तिचे वडील भडकले. "तुमचं झालं ना? आता आमच्या पोरीचं कशाला अडवताय? आमी देवाला इचारू काय ता."

मी म्हटलं, "विचारा. पण हा रिपोर्ट घेऊन जा, आणि देवापुढे वाचा."

तिथून मी तडक घरी आले. बाबा पडवीत बसून त्या मुलीचेच बूट चिकटवत होते; आता माझ्या सगळ्या टीमचे बूट त्यांच्याकडे येतात. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, आणि सांगता सांगता बाकीचंही बाहेर पडलं. रिपोर्ट, खोका, कौलाच्या आधी मला सगळं माहीत होतं ते. "देवीचा काही दोष नाही बाबा. मी लपवलं. तुम्ही तिच्यावरचा राग सोडा."

बाबांनी बूट खाली ठेवला. बराच वेळ बोटाला लागलेलं सोल्युशन ते चोळून काढत राहिले.

"देवीवर कसला राग गो," ते म्हणाले. "तिला तोंड दाखवायला जागा नाय म्हणून जात नाय मी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"खोका मी न बघता ठेवीन काय? जन्मभर दुसरं काय केलं? कारखान्यात डॉक्टर येतो, शनवारी त्याला दाखवला तुजा रिपोर्ट. त्यानं सांगितलं सगळं. वळली तर संपलं, बोलला. तसाच आणून परत ठेवला, आन मग बूट काढून बसलो."

"मग देवळात..."

"गुरवानं इचारलं, तवा तू तोंड उघडलंस. मी बघितलं. तू सांगून टाकशील म्हणून मी आधी बोललो. मला तो निळा शर्ट बघायचा व्हता बाय. डावा पडू दे, डावा पडू दे, असं मनात म्हणत व्हतो, म्हंजे माज्यावर येणार नाय. मग उजवा पडला, आन मला बरं वाटलं. त्याचीच लाज वाटते. पडला ता नाय. बरं वाटलं ता."

मला राग आला. तो आला हे मी लपवत नाही. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले, त्यानं एका शब्दात मला थांबवलं असतं. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि मला आठवलं, की मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. तोंड उघडं ठेवूनच मी तिथे पाटावर बसले. बसताना गुडघा वाजला. बाबांनी तिकडे पाहिलं. ते त्याच्याकडे कधी सरळ बघत नसत, हे मला त्या वेळी कळलं.

"दुखतो काय गो?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वळताना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग त्या मुलीचा बूट उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि तळ न चिकटवताच खोक्यात परत ठेवून दिला.